नानाकाकांची बांगडी

मी रडते आहे की शिंकते आहे, हे आमच्या घरात कोणाला पटकन ओळखू यायचं नाही, आणि लहानपणी मी याचा भरपूर फायदा उठवला. आमचा धंदा मिरचीचा. नंदुरबार गावाच्या कडेला आमची पथारी होती, म्हणजे मिरची वाळवायचं उघडं मैदान, आणि पथारीला लागूनच राहतं घर. हंगाम सुरू झाला की गाड्या भरभरून ओली लाल मिरची यायची. ती मैदानभर पसरायची, उलथायची, पुन्हा पसरायची, आणि वाळली की पायाखाली खुळखुळ वाजायची. बाया ओळीनं बसून देठ खुडायच्या, गाणी म्हणायच्या आणि मध्येच सगळ्या मिळून शिंकायच्या. दुधाला मिरचीचा वास, गोधड्यांना वास, देवाच्या वस्त्रालाही वास. पाहुणा उंबऱ्यात आला की आधी शिंकायचा, मग राम राम करायचा. गंमत अशी की माझ्या वडिलांना, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तिखट मुळीच सोसायचं नाही. माय त्यांच्यासाठी उडदाची दाळ फिक्की काढून ठेवायची आणि कळण्याच्या भाकरीवर तुपाची धार धरायची. हे बाहेर कळू द्यायचं नाही, अशी आम्हां सगळ्यांना सक्त ताकीद होती. मिरचीचा व्यापारी फिकं जेवतो म्हटल्यावर गिऱ्हाइकानं काय समजायचं?

भाऊ तिघं. थोरले आप्पा, मधले आबा, धाकटे नानाकाका. आप्पांचा आवाज असा की ते घरात पाणी मागायचे आणि पथारीवरची बाई उठून उभी राहायची. डोक्याला पागोटं, अंगात कोट, आणि कोटाच्या खिशातून बाहेर लोंबणारी घड्याळाची साखळी. त्या साखळीच्या टोकाला घड्याळ होतं, पण ते माझ्या जन्माच्या आधीपासून बंद होतं. कोणी वेळ विचारली की आप्पा आधी मान वर करून सूर्य बघायचे, मग रुबाबात घड्याळ काढून त्याच्याकडे बघायचे आणि वेळ सांगायचे. वेळ बरोबर निघायची. मिरचीवाल्याला उन्हाचा अंदाज चुकून चालत नाही. त्यामुळे आप्पांना चालू घड्याळाची कधी गरजच पडली नाही.

नानाकाका अगदी उलटे. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. पहिल्या मोठ्या लढाईत ते खेचरांच्या पलटणीत समुद्रापार बसऱ्याला गेले होते. परत आले ते हिवतापाची थंडी आणि डाव्या मनगटावर एक घड्याळ घेऊन. चांदीचं, लहानसं, गोल. तबकडी पांढरी, तिच्यावर केसाएवढी एक भेग. कडेला चांदीच्या तारेच्या दोन कड्या आणि त्यांत ओवलेला चामड्याचा पट्टा. त्या काळी आमच्याकडे घड्याळ खिशात असायचं. मनगटात घालतात ती बांगडी, एवढंच लोकांना ठाऊक. मग काय, नानाकाका बाजारात निघाले की कोणी तरी हटकून विचारायचं, नाना, बांगडी फुटली तर नाही ना? आप्पा तर घरच्या घरी विचारायचे, तेही पाहुण्यांसमोर, जेवताना. नानाकाका खाली बघून भाकरी मोडायचे. वीस वर्षं त्या माणसानं हे ऐकून घेतलं आणि एक दिवस घड्याळ काढून ठेवलं नाही. माझ्या स्वभावात असलं सोसणं नाही. मी असते तर तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी ताटात मूठभर मिरचीचं बी ओतलं असतं.

त्या घड्याळाला चावी द्यायचं काम मी सहा वर्षांची असल्यापासून माझ्याकडे होतं. नानाकाकांची बोटं हिवतापानं थरथरायची. रोज सकाळी, दूध पिऊन झाल्यावर, मी हात राखेनं धुवायचे, मग पाण्यानं, मग नानाकाका माझी बोटं नाकाशी धरून वास घ्यायचे. मिरचीचा वास आला तर पुन्हा धुवायचे. मग घड्याळ माझ्या तळहातावर यायचं. चावी पुढच्या बाजूला फिरवायची, उलटी नाही. बोटाला जराशी ओढ लागली की थांबायचं. घड्याळ उघड्यावर ठेवायचं नाही, उन्हात न्यायचं नाही, पाण्याजवळ तर नाहीच. तेल आपल्या हातानं घालायचं नाही, ते कारागिराचं काम. देवाचं सोवळं आमच्या घरात एवढं कडक नव्हतं. एकदा मी कंटाळून विचारलं की एवढं जपायचं तरी कशासाठी, तर ते म्हणाले, चालू राहिलं पाहिजे म्हणून. हे घड्याळ मिळालं कुठून, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. ‘बसऱ्याचं’ एवढंच. म्हणून आप्पांनी स्वतःच एक हकीकत तयार केली होती. नानानं गोळीबारातून साहेबाचं खेचर वाचवलं आणि साहेबानं खूश होऊन आपल्या हातातलं घड्याळ काढून दिलं. एकीकडे बांगडी म्हणून थट्टा आणि दुसरीकडे ही शौर्यकथा, दोन्ही एकाच तोंडून. आप्पांना त्यात काही अडचण वाटायची नाही.

मी चौदा वर्षांची असताना नानाकाका गेले. हिवतापानंच. त्या वेळी मी खरंच रडले, पण हंगामाचे दिवस होते आणि सगळं घरच डोळे पुसत होतं, त्यामुळे कोणी वेगळं लक्ष दिलं नाही. तेरावं झाल्यावर त्यांच्या चीजवस्तू ओसरीवर मांडल्या. एक घोंगडी, एक पत्र्याची पेटी, काठी, दोन धोतरं आणि घड्याळ. मोठा भाऊ म्हणून वाटणी आप्पांनी केली. घोंगडी आबांना, काठी आणि पेटी स्वतःकडे. घड्याळ हातात घेतलं, पाच माणसं बसलेली बघितली, आणि त्यांच्या अंगात नेहमीचं वारं शिरलं. “बांगड्या बायासना वाटाले,” ते म्हणाले, आणि घड्याळ माझ्या मांडीवर टाकलं. माणसं हसली. मी ते पदराखाली घेतलं आणि उठून आत गेले. हसोत बापडे. मला जे पाहिजे होतं ते मिळालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा एखादी वस्तू माझी म्हणून माझ्याकडे आली होती, भावाची उतरलेली नाही, बहिणीला दाखवून परत ठेवायची नाही. माझं मनगट बारीक, म्हणून पट्ट्याला मी दोन भोकं जास्तीची पाडली. शाळेत मुली ते कानाला लावून ऐकायच्या आणि मी वेळ धरून प्रत्येकीला सारखाच वेळ ऐकू द्यायचे.

वर्षभर सगळं बरं चाललं. मग मगनभाऊचं लग्न निघालं. मगनभाऊ म्हणजे आप्पांचा मुलगा. माणूस सोन्यासारखा, पण देवानं त्याला आप्पांच्या आवाजातलं काहीच दिलेलं नव्हतं. स्थळ नवापूरचं. मुलीचे वडील सुरतेला येऊन-जाऊन असलेले, सुधारलेले. मधल्या माणसानं आप्पांच्या कानात घातलं की तिकडे आता शिकलेली मुलं मनगटावर घड्याळ घालतात, खिशातल्या साखळीला म्हातारे म्हणतात, आणि सोयरे मुलाच्या हाताकडे आधी बघतात. आप्पा दोन दिवस खिशातली साखळी चाळवत फिरले. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी नानाकाकांच्या शौर्याची कथा पुन्हा पहिल्यापासून सांगितली. या वेळी खेचरं तीन झाली होती. आणि शेवटी म्हणाले की असं लढाईतलं हातघड्याळ घराण्यातल्या मुलाच्याच हातात शोभतं. वीस वर्षांची बांगडी एका जेवणात हातघड्याळ झाली.

मी ताटावरून उठले आणि सरळ सांगितलं, देणार नाही. आबांना शिंक आली. आबांना अशा वेळी नेहमी शिंक यायची. माय म्हणाली, थोरल्या भाऊजींनीच पाच माणसांत दिलेली वस्तू आहे, ती अशी परत मागता येत नाही. त्यावर आप्पांनी आवाज चढवला. नुसतं मुलगी बघायच्या दिवसापुरतं पाहिजे, म्हणाले. पण मला हिशेब कळत होता. नवापूरवाल्यांनी एकदा मगनभाऊच्या हातात बघितलं की ते मग साखरपुड्यालाही लागणार, लग्नालाही लागणार, आणि लग्नानंतर जावयाच्या हातातून कोण काढून घेणार? मी दोन दिवस जेवले नाही. म्हणजे सगळ्यांसमोर जेवले नाही. चुलीमागे माय डाळीचे फुणके झाकून ठेवायची. तिसऱ्या दिवशी मगनभाऊच माझ्याकडे आला आणि म्हणाला, इंदू, मला ते घालायचंच नाही, मला तर ते वाचताही येत नाही, पण आप्पांना कोण सांगणार? त्याचा चेहरा एवढा कावराबावरा होता की माझा राग निघून गेला. मी घड्याळ दिलं. दिलं आणि आत जाऊन मनसोक्त शिंकले.

आता मोठी माय. म्हणजे आप्पांची बायको. तिच्याइतकी स्वच्छ बाई मी जन्मात बघितली नाही, आणि तिच्याइतका नाश कोणी केलेलाही बघितला नाही. नवापूरला जायच्या आदल्या दिवशी सकाळी तिला वाटलं की घड्याळ काळवंडलं आहे, सोयऱ्यांसमोर असं कसं न्यायचं? आमच्या घरात तांब्यापितळेची भांडी चिंच आणि राखेनं घासायची रीत. चांदीला वेगळं काही लागतं हे तिच्या गावी नव्हतं. तिनं घड्याळाला चिंचेचा कोळ लावला, राखेनं चोळलं, मागचं झाकण नखानं उघडून आतूनही पुसलं आणि स्वच्छ पाण्यात दोनदा बुचकळलं. मग ओलं झालं म्हणून वाळवायला ठेवलं. कुठे? आमच्या घरात जे काही ओलं असतं ते एकाच जागी वाळतं. मी शाळेतून आले तेव्हा नानाकाकांचं घड्याळ भर उन्हात, पथारीवर, लाल मिरचीच्या वाफ्यात उताणं पडलेलं होतं, आणि एक बाई बाकीच्या मिरचीबरोबर त्यालाही पायानं उलथत होती.

मी जे ओरडले ते स्टेशनापर्यंत गेलं असेल. काचेच्या आत वाफ धरली होती. काटे अकरा वाजून काही मिनिटांवर अडकले होते. कानाला लावलं तर आत काहीच नाही. इतकी वर्षं रोज सकाळी ऐकलेला आवाज नाही. मोठी माय घाबरून म्हणाली, चकाकलं तर आहे की नाही बघ. चकाकलं होतं, हे खरं. या वयात मला कळतं की तिनं आपल्या परीनं जिवापाड काम केलं होतं. त्या दिवशी कळलं नाही. त्या दिवशी मी तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

आप्पांनी गाडी जुंपली. बाजारात उस्मानचाचांचं दुकान होतं. घड्याळं दुरुस्त करणारं घराणं, त्यांच्या आधी त्यांचे वडील बसायचे. दुकान म्हणजे एक फळी, एक काचेची पेटी आणि मागे भिंतीवर वेगवेगळ्या वेळा दाखवणारी सात-आठ घड्याळं. आप्पा, मगनभाऊ आणि मी असे तिघं गेलो. मला न्यायचं कारण एवढंच की चावीचं फक्त मला कळत होतं. उस्मानचाचांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं, आणि आतून मिरचीचं बी निघून फळीवर पडलं. त्यांनी ते चिमट्यानं उचलून बाजूला ठेवलं. मग आम्हां तिघांकडे एकेक करून बघितलं. मग शिंकले.

आप्पांनी खेचरांची गोष्ट सुरू केली. उस्मानचाचा ऐकत होते, पण त्यांचं लक्ष झाकणाच्या आतल्या बाजूकडे होतं. थोड्या वेळानं त्यांनी मला जवळ बोलावलं आणि भिंग माझ्या डोळ्याला लावलं. रोज हातात घेतलेल्या त्या घड्याळाच्या पोटात एवढं लिहिलेलं असेल हे मला माहीतच नव्हतं. एक चांदीचा शिक्का होता. त्याच्या खाली आकडे होते. आणि कडेकडेनं सुईनं ओरखडल्यासारख्या बारीक खुणा. चाचांनी समजावून सांगितलं की घड्याळ उघडून साफ करणारा प्रत्येक कारागीर आत आपली खूण आणि साल कोरून ठेवतो, म्हणजे पुढच्याला कळतं. पहिल्या दोन खुणा विलायतेच्या. त्यानंतरच्या सगळ्या एकाच हाताच्या, दर साल एक. त्या त्यांच्या वडिलांच्या होत्या, आणि शेवटच्या चार स्वतः चाचांच्या. मधोमध वळणदार इंग्रजी अक्षरं होती. चाचा तरुणपणी सुरतेला एका दुकानात होते, त्यांना तेवढं वाचता यायचं. ते म्हणाले, यावर लिहिलंय, डोरा हिला तिच्या आईकडून. मग आप्पांकडे वळून अदबीनं म्हणाले की शेठ, ही साहेबाची घडी नाही. कड्यांची रुंदी बघा, माप बघा. ही बाईमाणसाची घडी आहे.

मगनभाऊनं हात मागे घेतला. माझ्या मनात मात्र आनंदाचं कारंजं उडालं, लपवून काय करू? बाईची घडी म्हणजे आता ती मगनभाऊच्या हातात जाणं शक्य नव्हतं. आणि लगेच दुसरा विचार आला. नंदुरबारच्या बाजारात उद्या काय बोललं जाईल? नाना बसऱ्याहून मडमेचं घड्याळ घेऊन आला. कुठून आणलं, का दिलं, नाना बिनलग्नाचा राहिला तो काय म्हणून. मेलेल्या माणसाला वीस वर्षं बांगडी पुरली नव्हती, आता आणखी हे. मी चाचांना म्हणाले, चाचा, हे कोणाला सांगू नका. घड्याळ मगनभाऊला असू द्या. मी नंतर पुष्कळ वेळा विचार केला आहे की हे मी कसं बोलले, कारण मला ते घड्याळ माझ्या जिवापेक्षा जास्त पाहिजे होतं.

उस्मानचाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग काचेच्या पेटीचा खण ओढला आणि तळातून एक पिवळं पडलेलं पाकीट काढलं. त्यावर ठसेच ठसे, पत्त्यावर तांबड्या शाईची रेघ. चाचांनी सांगितलं की नानाकाका दर साल दिवाळीनंतर घड्याळ साफ करायला यायचे आणि काम होईपर्यंत फळीजवळ बसून राहायचे. घरात जे कधी बोलले नाहीत ते इथे बोलले होते. बसऱ्याच्या दवाखान्यात ते तापानं पडले होते. तंबूत ओळीनं माणसं, आणि डोरा नावाची नर्स एकटी. तिला दुसऱ्या तंबूत जायचं होतं. ओळीत सगळ्यात शुद्धीवर नानाकाका. तिनं आपलं घड्याळ त्यांच्या मनगटावर बांधलं, काटा कुठे आला की सगळ्यांना औषधासाठी उठवायचं ते बोटानं दाखवलं, आणि गेली. ती परत यायच्या आत बोटीची घाई झाली. आजाऱ्यांना उचलून बोटीत घातलं. नानाकाकांना पुन्हा ताप चढला, आणि शुद्ध आली तेव्हा बसऱ्याची नदी मागे राहिली होती आणि घड्याळ हातातच होतं. साहेबाजवळ द्यावं तर साहेब ठेवून घेईल. घरी सांगावं तर चोरीचं म्हणतील. म्हणून त्यांनी उस्मानचाचांच्या वडिलांकडून तीन पत्रं लिहून घेतली. दोहोंचं उत्तर नाही, तिसरं हे परत आलेलं. तरी ते दर साल यायचे. चाचा म्हणाले, “नाना कहते थे, बाई कभी लेने आई तो बंद घडी कैसे दूँ?”

भिंतीवरची घड्याळं आपापल्या वेळा वाजवत होती. मी आप्पांकडे बघितलं. मला वाटलं आता आवाज चढणार. पण आप्पांचा चेहरा मी पूर्वी कधी बघितला नव्हता तसा झाला होता. तुम्हांला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला पाहिजे. पथारीवर बाहेरच्या शेतकऱ्यांचीही मिरची वाळायला यायची. त्या वाफ्याला कोपऱ्यात काठी रोवून चिंधी बांधायची. चिंधी असलेल्या मालातली एक मिरची आमच्या घरात फोडणीला पडायची नाही. एखादा मालक हंगामभर आलाच नाही, तरी त्याचा वाफा आमच्या वाफ्याइतकाच रोज उलथायचा, कुजू द्यायचा नाही. आप्पा थट्टेखोर होते, बढाईखोर होते, माझ्यावर ओरडायचे, सगळं खरं. पण चिंधीच्या मालाला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. आणि आता त्यांना कळलं होतं की वीस वर्षं आपला भाऊ आपल्याच घरात चिंधीचा माल राखत होता आणि आपण रोज त्याला हसत होतो.

ते एवढंच म्हणाले, “हाई परका माल शे.” आणि पागोट्याच्या शेवटानं डोळे पुसले. दुकानात मिरची नव्हती.

घड्याळ पंधरा दिवस चाचांकडे राहिलं. दुसऱ्या दिवशी मगनभाऊ रिकाम्या मनगटानं नवापूरला गेला. मुलीच्या वडिलांनी चहा देता देता सहज विचारल्यासारखं करून विचारलं, किती वाजले असतील हो? मगनभाऊनं मान वर करून खिडकीतलं ऊन बघितलं आणि सांगितलं, सव्वाचार. वडिलांनी आपलं सुरतेचं घड्याळ बघितलं. चार वाजून बारा मिनिटं झाली होती. आतून मुलगी हसली, आणि तिचं ते हसू ऐकून मगनभाऊनं तिथेच होकार दिला. तिला अजून कोणी बाहेरही आणलेलं नव्हतं. तीच आमची जमनावहिनी.

घड्याळ चालू होऊन आलं तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं, आता माझं मला मिळालं. पण आप्पांनी ओसरीवर पुन्हा तीच पाच माणसं बसवली. सगळी हकीकत सांगितली, आपण केलेली थट्टाही वगळली नाही. मग घड्याळ माझ्या हातात दिलं, या वेळी टाकलं नाही, आणि म्हणाले की हे इंदूचं नाही, आमचं कोणाचंच नाही, इंदूनं फक्त ते चालू ठेवायचं. मला इतका राग आला म्हणून सांगू! हातात घड्याळ आणि तरी माझं नाही. बरं, भांडायचं तरी कोणाशी, न बघितलेल्या डोराबाईशी? शाळेत मुलींना सांगताना जीभ अडायची. पुढे कधी तरी राग गेला. नेमका कधी ते आठवत नाही. रोज कोणाच्या तरी वतीनं एखादी गोष्ट करत राहिलं की तो माणूस आपल्या घरातलाच होऊन जातो. मला ती उंच वाटायची, आणि पायांनी भरभर चालणारी.

आप्पा दर साल दिवाळीनंतर डोराबाईची चौकशी करायचे, “उनी का वं ती बाई?” मी म्हणायचे, नही उनी. ते मान हलवायचे आणि कामाला लागायचे. थट्टा करत नव्हते. खरंच विचारत होते.

माझं लग्न जळगावच्या बाजूला झालं. पाठवणीच्या वेळी सगळ्या बाया रडत होत्या, आबा शिंकत होते, आणि आप्पांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेतलं. मला वाटलं, पोरीला नीट सांभाळा वगैरे सांगत असतील. पुढे बऱ्याच दिवसांनी नवऱ्यानं हसत हसत सांगितलं. आप्पा म्हणाले होते, “पोर तुमनी. घडी नही.” आणि मग त्यांनी आमचा पूर्ण पत्ता विचारून घेतला, गल्लीसकट, दोनदा. पहिल्या दिवाळीला मी माहेरी आले तेव्हा पथारीच्या भिंतीवर, रस्त्याकडच्या बाजूला, कोळशानं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं दिसलं, ‘घडीवाल्या बाईनं खालील पत्त्यावर चौकशी करावी’, आणि खाली माझं सासर. मी आप्पांना म्हणाले, आप्पा, ती विलायतेची बाई, तिला मराठी कुठून येणार? आप्पा म्हणाले, “इतली दूर उनी, ते इचारी लेई ना कोनले तरी.”

माझ्या नवऱ्याच्या बदल्या झाल्या. भुसावळ, मनमाड, पुन्हा भुसावळ. प्रत्येक वेळी आप्पा जुना पत्ता खोडून नवा लिहून घ्यायचे. ते गेल्यावर मगनभाऊनं तो नेम चालू ठेवला. पथारीची ती भिंत जमनावहिनी दर दिवाळीला स्वतः चुन्यानं रंगवायची, वरपासून खालपर्यंत लख्ख पांढरी, आणि मधोमध तो काळ्या अक्षरांचा चौकोन तेवढा ती ब्रशानं हळूच वळसा घालून सोडून द्यायची.